मदत हवी आहे : नवी मुंबईत पहिल्यांदाच येत आहोत, मुक्कामासाठी कोणते हॉटेल घ्यावे?

गोदाकाठ
नमस्कार. पुढच्या शनिवारी मी मुलीला घेऊन परभणीहून नवी मुंबईला येत आहे. आम्ही दोघांनीही ते शहर पाहिलेले नाही. एका रात्रीचा मुक्काम आहे. रविवारी सकाळी सेक्टर १५ मध्ये काम आहे, तेव्हा तेथून जवळचे, स्वच्छ आणि परवडणारे हॉटेल कोणी सुचवील का? ॲपवर ढीगभर नावे दिसतात, पण सगळीकडे तीच पांढरी चादर, तिच्यावर हंसासारखी घडी घातलेला टॉवेल आणि खाली ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ एवढेच असते. त्यावरून काय ठरवायचे ते कळत नाही. खोल्यांचे दर रोज बदलत आहेत, म्हणून कृपया लवकर सांगावे.

बेलापूरची ताई
सेक्टर १५ म्हणजे आमचे सीबीडी बेलापूर. डोळे झाकून तिथेच घ्या. हॉटेले आणि खाण्याची ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत, सगळा कचेऱ्यांचा भाग असल्याने शनिवार-रविवारी गडबड कमी असते आणि स्थानकाबाहेर रिक्षा लगेच मिळते. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, वेळ उरला तर मुलीला तीही दाखवता येईल.

जुना वाशीकर
ताई, सेक्टर १५ वाशीतही आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीत आहे आणि खारघरमध्येही आहे. सिडको या सरकारी महामंडळाने हे शहर १९७० नंतर एकेक नोड, म्हणजे उपनगरासारखा स्वतंत्र विभाग, पाडून वसवले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांचे आकडे पुन्हा १ पासून सुरू केले. नुसता सेक्टर सांगून येथे रिक्षावालासुद्धा हलत नाही. गोदाकाठ, आधी नोड सांगा. मग गाडी कोणती, कोणत्या स्थानकावर किती वाजता उतरणार, रविवारी किती वाजता कुठे पोहोचायचे आहे, आणि ‘परवडणारे’ म्हणजे तुमच्या हिशोबात किती, हेही सांगा. याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचेच असणार.

नौपाडेकर
नोड कोणताही असो, ठाण्यात राहा. मराठवाड्यातून येणाऱ्या देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या सगळ्या गाड्या ठाण्याला थांबतात. पश्चिमेला बाहेर पडले की चालत जाण्याच्या अंतरावर लॉज आहेत, गोखले रोडला घरगुती चवीचे जेवण मिळते आणि संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारता येते. आयुष्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला नवी मुंबईत ठेवू नये. तिथे रात्री नऊनंतर रस्त्यावर विचारायलाही माणूस सापडत नाही.

जुना वाशीकर
प्रश्न नवी मुंबईचा आहे. आपले ठाणे १८५३ साली पहिली रेल्वे आली तेव्हापासून मोठे आहे, हे कोणी नाकारलेले नाही. पण धागाकर्त्याला खारघरला जायचे असेल, तर त्याने ठाण्यात राहून पहाटे कसे पोहोचायचे?

गोदाकाठ
मी हॉटेलचे नाव विचारले होते आणि येथे सगळे मलाच प्रश्न विचारत आहेत. असो. पत्ता ऐरोली, सेक्टर १५, नवी मुंबई असा आहे. देवगिरीचे आरक्षण झाले आहे. शनिवारी पहाटे ठाण्याला उतरू आणि रविवारी रात्री त्याच गाडीने ठाण्याहूनच परत निघू. खर्च दोन हजारांपर्यंत चालेल.

नौपाडेकर
ऐरोली! मग मी काय सांगत होतो? ठाण्यापासून ट्रान्सहार्बर लोकलने दिघा गाव आणि पुढचे ऐरोली, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. बेलापूरला खोली घेतली असती, तर माणूस उलट्या टोकाला जाऊन बसला असता.

रोजची प्रवासी
दादा, रविवारी सकाळचे नेमके काम काय आहे आणि किती वाजता आहे, हे अजून कळलेले नाही. लग्न असेल तर वेगळे, परीक्षा असेल तर वेगळे.

गोदाकाठ
मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे. साडेसातला केंद्रावर हजर राहायचे आहे, साधारण बाराला सुटेल. प्रश्न हॉटेलचा असल्यामुळे परीक्षेचा तपशील येथे देण्याचे कारण नव्हते.

रोजची प्रवासी
कारण आहे, आणि तेच सर्वांत मोठे आहे. साडेसातला हजर राहायचे, म्हणजे सहाला उठून आवरून सव्वासातच्या आत दारात उभे राहायचे. अशा वेळी ठाण्याला राहिल्यास पश्चिमेकडून पूल चढून नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवर जायचे, रविवारच्या कमी गाड्यांपैकी एक पकडायची आणि ऐरोलीला उतरून पुन्हा रिक्षा शोधायची. आम्हा रोजच्यांना यात काही वाटत नाही, पण ज्या मुलीने हे स्थानक कधी पाहिले नाही तिला परीक्षेच्या सकाळी त्यातून नेण्याची गरज काय? रात्र ऐरोलीतच काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरोली स्थानकाच्या पूर्वेला एमआयडीसी आणि आयटी पार्क आहे, तर राहण्याचे सेक्टर पश्चिमेला आहेत. हॉटेले थोडी आहेत आणि त्यातली बरीच एमआयडीसीच्या बाजूला, ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालणारी आहेत. त्याचा फायदा असा, की शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे गेले की शनिवार-रविवारचे दर उतरतात. सोमवारी जी खोली तुमच्या आवाक्यात नसते, ती शनिवारी दोन हजारांच्या आसपास मिळू शकते. ॲपवर दर पाहा, पण नंतर हॉटेलात थेट फोन करून शनिवारचा दर विचारा.

नौपाडेकर
ताई, आपण एमआयडीसीत मुक्काम करायला सांगत आहात. शनिवारी संध्याकाळी तिथे टपऱ्याही बंद होतात. बापलेकींनी जेवायचे कुठे? आणि रात्रीच्या गाडीसाठी ठाण्याला तर यायचेच आहे. ठाण्यात खोली घेतली तर पहाटे उतरल्यावर सामान टाकता येईल आणि रविवारी रात्री गाडी सुटेपर्यंत आडवे होता येईल. मी माझ्या सगळ्या पाहुण्यांना ठाण्यातच उतरवतो, कोणाची तक्रार नाही.

रोजची प्रवासी
आपल्या पाहुण्यांपैकी कोणाला साडेसातला परीक्षेला बसायचे होते का? जेवणाची अडचण खरी आहे, पण त्यासाठी पश्चिमेच्या सेक्टरांत जाऊन जेवून येता येते. रिक्षाने फार वेळ लागत नाही.

बेलापूरची ताई
एक विचारते, राग मानू नये. ऐरोलीत नाहीच जमले, तर वाशी काय वाईट आहे? तिथे निवड भरपूर आहे.

जुना वाशीकर
वाशीहून ठाण्याची गाडी धरली की ऐरोली वाटेतच येते, त्यामुळे दुसरा पर्याय म्हणून वाशी ठीक आहे. मात्र तारीख तपासून घ्यावी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना किंवा मोठा कार्यक्रम असला की वाशीपासून बेलापूरपर्यंत दर भडकतात. २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे होता, त्या रविवारसाठी माझ्या मेहुण्याला नेहमीच्या दरात खोली मिळेना. वाशी स्थानकाजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रात मोठे प्रदर्शन असले तरी तीच गत होते.

दुसरे म्हणजे, ॲपवर ‘ठाणे’ लिहिलेले हॉटेल प्रत्यक्षात घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ निघते आणि ‘नवी मुंबई, विमानतळाजवळ’ म्हटलेले पनवेलच्या बाजूला असते. नकाशावर खूण कुठे पडते ते पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. करही लक्षात घ्या : सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून जास्त टक्के कोणी सांगू लागला, तर दरपत्रक आणि पक्के बिल मागा.

खाडीकिनारी
ऐरोलीला येतच आहात तर शनिवारी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र जरूर पाहा. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. केंद्राकडून बोटीची फेरी असते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी नोंदणी करावी. हिवाळा ते उन्हाळा या काळात पक्षी छान दिसतात. दुर्बीण आणावी.

रोजची प्रवासी
परीक्षेच्या आदल्या दिवशी दुर्बीण?

खाडीकिनारी
मन हलके होते. माझा अनुभव सांगितला.

मुक्कामपोस्ट
मी कामानिमित्त या पट्ट्यात बरेचदा राहतो. नाव सुचवण्याऐवजी फोनवर काय विचारायचे ते सांगतो, कारण आज चांगले असलेले हॉटेल मालक बदलला की सहा महिन्यांत बिघडते.

खाली परमिट रूम किंवा बँक्वेट हॉल आहे का, हे पहिल्या वाक्यात विचारा. एकदा मला दिलेली खोली वरच्या मजल्यावर, दिसायला नीटनेटकी होती. पण जिना बारच्या दारातूनच चढायचा होता आणि मध्यरात्री बार बंद होईपर्यंत पलंगाखालची फरशी गाण्याबरोबर थरथरत होती. मुलीला घेऊन अशा ठिकाणी जाऊ नये. आपण वडील आणि मुलगी आहोत, हेही आधी सांगून ठेवा. काही ठिकाणी काउंटरवरचा पोरगा उगाच चौकशा करत बसतो.

मग चेक-इनची वेळ. तुम्ही पहाटे उतरणार आणि बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बाराला किंवा त्यानंतर मिळते. काही लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब असतो, म्हणजे सकाळी सातला घेतली तर दुसऱ्या दिवशी सातला सोडायची. तुमच्या वेळेला तो हिशोब बरा बसतो, कारण परीक्षेला निघताना खोली सोडावीच लागणार आहे. तसा लॉज नसेल, तर लवकर खोली देण्याचे किती घेणार आणि रविवारी संध्याकाळपर्यंत बॅगा काउंटरमागे ठेवणार का, हे दोन्ही विचारून ठरवा. बोलणे झाल्यावर तेच मेसेजवर लिहून मागवा. मला फोनवर ‘हो, हो’ म्हणून नंतर हात वर करणारे भेटले आहेत.

आणखी एक. काउंटरवर दोघांचीही ओळखपत्रे मागतील. छायाप्रती काढून आणा, मूळ आधार कार्ड त्यांच्याकडे ठेवू देऊ नका. सकाळच्या घाईत ते काउंटरच्या खणात राहिले, तर परीक्षा केंद्रावर आत सोडणार नाहीत.

नौपाडेकर
चोवीस तासांचे लॉज ठाणे स्थानकाजवळ मिळतात. नोंद असावी.

गोदाकाठ
आता विषयावर आलो. सर्वांचे वाचून काल फोन केले. एका ठिकाणी खाली बार निघाला, दुसऱ्याने पहाटे खोली देण्याचे अर्ध्या दिवसाचे भाडे सांगितले. रबाळ्याच्या बाजूचे एक हॉटेल शनिवारी सकाळी नऊला खोली द्यायला तयार आहे, करासह दोन हजारांच्या आत, आणि बॅगा ठेवून घेतो असे त्याने मेसेजवर लिहून दिले आहे. तेथून केंद्र रिक्षाने जवळ पडते असे तो म्हणतो. कोणी खात्री करू शकेल का? आणि परीक्षा सुटल्यावर ठाण्याला लोकलनेच यावे ना?

मुक्कामपोस्ट
हेच हॉटेल घ्या. पण अंतराचे त्याच्या बोलण्यावर सोडू नका; शनिवारी खोलीवर बॅगा टाकल्या की रिक्षाने केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन या, मुलीला जागा दिसेल आणि किती वेळ लागतो तेही कळेल. त्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन त्याला रविवारी पावणेसातला बोलवा. हॉटेलातही नाश्ता किती वाजता सुरू होतो ते विचारा. साडेसातला सुरू होत असेल, तर फळे, बिस्किटे आदल्या रात्रीच आणून ठेवा.

रोजची प्रवासी
लोकलबद्दल सांगते. रविवारी रेल्वेचा दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. तो ट्रान्सहार्बरवर असेल तर साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत ठाणे-ऐरोली गाड्या बंद राहतात आणि तुमची मुलगी बाराला सुटणार आहे. कोणत्या मार्गावर आहे ते रेल्वे आदल्या दिवशीपर्यंत जाहीर करते, तेव्हा शनिवारी संध्याकाळी बातम्या पाहा. ट्रान्सहार्बरवर नसेल तर लोकलने या. असेल तर हॉटेलातून बॅगा घेऊन एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या, बसने किंवा मीटरच्या रिक्षाने दिघा, विटावा, कळवा असे ठाण्याला पोहोचता येते.

विटाव्याला रेल्वे पुलाखालचा रस्ता अरुंद असल्याने तिथे गाड्या खोळंबतात, म्हणून देवगिरीसाठी संध्याकाळी उशिरा निघू नका. चारच्या आधी ठाण्यात या. सामानासह रात्रीपर्यंत कुठे बसायचे, हे नौपाडेकरांना विचारा.

नौपाडेकर
अवश्य. स्थानकाच्या पश्चिमेला उतरा आणि गोखले रोडच्या दिशेने चालू लागा. बसायला जागा आणि गरम जेवण दोन्ही मिळेल. खोली मात्र ठाण्यातच घ्यायला हवी होती, हे माझे मत कायम आहे.