जोनला 'व्यक्तिमत्त्व' म्हणे अ‍ॅनिमेने दिलं!

निर्मळची_नात
'फेट' या, इतिहासातली माणसं जादूने परत आणून लढवणाऱ्या जपानी अ‍ॅनिमे-गेम मालिकेतल्या जोन ऑफ आर्कवर काल इथे एकाने भलामोठा लेख टाकला. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना : "इतिहासातली जोन म्हणजे चर्चमधला पुतळा, तिला व्यक्तिमत्त्व दिलं ते अ‍ॅनिमेने." तिथेच उत्तर द्यायला बसले, ते वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, कुठला पुतळा? फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढलेली, संत दिसतात नि बोलतात असं सांगणारी पोर ती! 1431 साली रूआँला तिच्यावर खटला चालला, त्यातली प्रश्नोत्तरं कारकुनांनी लिहून ठेवलीत. एकोणीसएक वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली शेतकऱ्याची पोर. समोर न्यायाधीश म्हणून बिशप कोशाँ आणि पॅरिस विद्यापीठाचे पंडित. ते विचारतात, संत मायकल दिसला तेव्हा नागडा होता का? ही म्हणते, त्याला घालायला देवाकडे कपडे नसतील असं वाटतं का तुम्हाला? बरं, त्याला केस होते? का, कापायचं काही कारण होतं? संत मार्गारेट इंग्रजीत बोलते का? ती इंग्रजांच्या बाजूची नाही, इंग्रजीत कशाला बोलेल! गावात बर्गंडीवाल्यांच्या, म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या फ्रेंच गटाच्या बाजूचा एकच माणूस होता, त्याचं मुंडकं उडालं असतं तर बरं झालं असतं, असंही बाई भर कोर्टात सांगतात. आणि लगेच पुस्ती : अर्थात देवाची मर्जी असती तर.

आता 2017 ची 'फेट'मधली अ‍ॅनिमे 'अपॉक्रिफा' बघा. गोड, शांत, सगळ्यांना समजून घेणारी, पाठीवर लांबलचक सोनेरी वेणी. तो फटकळपणा कुठे गेला? तिचा सगळा राग बाजूला काढून त्याची वेगळी काळी जोन केली, 'आल्टर'. एका जित्याजागत्या बाईचे दोन तुकडे केले, एक देव्हाऱ्यात ठेवायला आणि एक पोस्टरवर लावायला. याला व्यक्तिमत्त्व देणं म्हणतात होय?

सातवा_सर्व्हंट
तो लेख माझाच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, ताई, मी चावत नाही.

तुम्ही 'आल्टर'ची फक्त चित्रं पाहिलेली दिसतायत. 'फेट'च्याच 'ग्रँड ऑर्डर'मध्ये ही काळी जोन जोनची 'दुसरी बाजू' वगैरे नाहीच. तिला घडवतो झील द रे. ऑर्लिअन्सला जोनसोबत लढलेला आणि पुढे 1440 मध्ये नाँतला मुलांच्या खुनांसाठी फासावर गेलेला, तोच. त्याला ती जिवंत परत हवी होती, ते होईना, म्हणून त्याने स्वतःच्या मनातली जोन बनवली, फ्रान्सचा सूड घेणारी. खरी जोन तिला विचारते, तुला घरचे आठवतात का, आपलं लहानपण आठवतं का? आणि हिला काहीच सांगता येत नाही. म्हणजे लिहिणारा स्वतःच सांगतोय की चिडलेली, सूड घेणारी जोन ही एका पुरुषाची कल्पना आहे. तुमचाच मुद्दा आहे हा, आणि तो त्यांनी 2015 मध्येच मांडला.

आणि 'अपॉक्रिफा'तली गोडगोड? ती भुकेने कोसळते हो! देवाचा आवाज ऐकणारी बाई आणि पोटात कावळे. मला तरी ती माणूसच वाटली.

खडूस_खापरपणजोबा
'ग्रँड ऑर्डर' हा गेम आहे, अ‍ॅनिमे नाही. धाग्याचा विषय अ‍ॅनिमे आहे.

सातवा_सर्व्हंट
आलेच.

चहा_कमी_दूध_जास्त
वेणीवरून एवढं काय? जोनचं तिच्या हयातीतलं जे एकच चित्र उरलंय, ते 1429 च्या मे महिन्यात पॅरिसच्या पार्लमाँच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या एका कारकुनाने वहीच्या समासात खरडलेलं. त्यात तिला लांब केस आहेत आणि अंगात झगा. त्याने तिला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिने ऑर्लिअन्सचा इंग्रजांचा वेढा उठवल्याची बातमी आली आणि बसल्या बसल्या काढली बाई. खरी जोन पोरांसारखे केस कापून पुरुषी कपड्यांत हिंडत होती. म्हणजे ही परंपरा टोकियोत सुरू झालेली नाही. शेक्सपिअरने तिची चेटकीण केली, जर्मन नाटककार शिलरने 1801 मध्ये तिला चितेवरून उचलून रणांगणावर मारलं. त्यांना सगळं माफ, आणि जपान्यांनी वेणी घातली की संस्कृती बुडाली!

निर्मळची_नात
त्या कारकुनाने समासात खरडलं. या गेमवाल्यांसारखं तिला पोहायच्या कपड्यांत डॉल्फिनबरोबर उभं करून लॉटरीसारखं विकलं नाही. 2018 च्या उन्हाळ्यातली ती जोन गूगल करा आणि मग शिलर सांगा मला. आम्हा कॅथलिकांकडे तिला 'संत' म्हणतात. 1920 साली पोपने जाहीर केलंय. उद्या आमच्या मुक्ताईला कोणी बीचवर उभं केलं तर चालेल का?

ग्वाल्हेरचा_पोहेवाला
मुक्ताई सोडा, आपली राणी आधीच तिथे पोचलीय! कोणी बोलत कसं नाही? 2019 पासून झाशीची राणी त्याच गेममध्ये आहे. चेहरा कोणाचा? जोनचा. 'भारताची जोन' हे लेबल त्यांनी अगदी मनावर घेतलं, साचा तोच, नुसता रंग बदलला. आणि वर तिच्या अंगात कोण, तर अलक्ष्मी! लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप बडवून आपण जिला घराबाहेर काढतो ती अक्काबाई राणीच्या अंगात? इथे सगळे वेण्या मोजतायत!

सातवा_सर्व्हंट
नाव लक्ष्मी, आणि नशिबी राज्य खालसा, झाशी पडली, जून 1858 मध्ये ग्वाल्हेरला मरण. अलक्ष्मी सुचणं इतकं वाईट आहे का? मला तर ते चटका लावून गेलं.

ग्वाल्हेरचा_पोहेवाला
तुम्हाला चटका, आम्हाला चपराक. मी राहतो इथे. तिच्या समाधीवर फूल ठेवून मग दुकान उघडणारा माणूस आहे मी. माझ्या राणीला अवदसा म्हणायचा अधिकार या लोकांना कोणी दिला?

चहा_कमी_दूध_जास्त
'माझी राणी' म्हणता, गोडसे भटजी वाचलेत का? 'माझा प्रवास' उघडा. वरसईचा भिक्षुक, झाशीच्या वेढ्यात आत अडकलेला, राणीला डोळ्यांनी पाहिलेला. त्याची राणी कधी पायजमा-अंगरख्यात दिसते, कधी साध्या पांढऱ्या लुगड्यात. आपल्या गॅदरिंगमधली राणी मात्र कायम भरजरी नऊवारी, नथ आणि पाठीला बाळ. आपण काय वेगळं करतोय?

ग्वाल्हेरचा_पोहेवाला
वाचलंय. पुस्तकाचं नाव फेकून गप्प करायची सवय पुण्यात चालत असेल.

चहा_कमी_दूध_जास्त
मी नागपूरची आहे.

खडूस_खापरपणजोबा
विषय अ‍ॅनिमे. जोन. राणीसाठी वेगळा धागा काढा.

निर्मळची_नात
आजोबांशी पहिल्यांदाच सहमत. तरी एक सांगून टाकते : पायजम्याचा उल्लेख निघाला ते बरं झालं. जोनने तुरुंगात पुन्हा पुरुषी कपडे घातले, संतांचे आवाज येतात असंही पुन्हा सांगितलं, आणि त्यावरून तिला 'पुन्हा पाखंडी झाली' म्हणून जाळलं, 30 मे 1431. तो सदरा आणि ती विजार कोणत्याही 'फेट'मध्ये मला दिसली नाही. मांड्या उघड्या ठेवणारं चिलखत दिसलं.

घोसाळीचा_फ्रान्सिस
निर्मळच्या ताईंसारखा मीही वसईचाच. रागावू नका, पण आमच्या घरातली गोष्ट सांगतो. भाचीचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करायचा चर्चमधला विधी होता, संताचं नाव निवडायचं होतं. तिने जोन निवडली. कुठे भेटली म्हणून विचारलं तर म्हणते, अ‍ॅनिमेत. बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मग पोरीने स्वतः खटल्याचा इंग्रजी अनुवाद शोधून काढला आणि जेवताना वाचून दाखवायला लागली. 'तू देवाच्या कृपेत आहेस का' या प्रश्नावर जोनचं उत्तर : नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो. हो म्हटलं तरी अडकणार, नाही म्हटलं तरी अडकणार, अशा प्रश्नातून ती सुटली कशी, ते पोरीने आम्हाला समजावलं. इतकी वर्षं चर्चमध्ये मिस्सा ऐकून मला हे माहीत नव्हतं. डॉल्फिनवाली जोन मलाही आवडत नाही, पण पोरगी तिथूनच आत शिरली.

निर्मळची_नात
फ्रान्सिसभाऊ, भाचीचं कौतुक आहेच. पण ती आत शिरली कारण ती हुशार आहे. बाकीचे डॉल्फिनपाशीच थांबतात.

सातवा_सर्व्हंट
मग त्या काळ्या जोनच्या लहानपणाच्या प्रसंगावर काहीच बोलला नाहीत तुम्ही? आणि झेंड्याचं काय? खटल्यात ती म्हणते ना, तलवारीपेक्षा झेंडा मला चाळीस पटीने प्रिय, आणि कोणाला मारावं लागू नये म्हणून तो हातात धरत होते. 'फेट'मधली जोन लढते कशाने? झेंड्याने. तिचं मोठं अस्त्रही झेंडाच, तेही बचावाचं. खटला न वाचता सुचलं असेल हे?

निर्मळची_नात
झेंडा दिला तुम्हाला. घ्या. लहानपणाचा प्रसंगही बरा लिहिलाय म्हणा, तुम्ही सांगितलात तेवढ्यावरून. मात्र लेखातलं 'व्यक्तिमत्त्व अ‍ॅनिमेने दिलं' हे वाक्य काढा, मग पुढचं बोलू.

सातवा_सर्व्हंट
वाक्य बदललंय. आता तिथे 'व्यक्तिमत्त्वाकडे लक्ष वेधलं' असं आहे. खूश?

निर्मळची_नात
नाही.

ग्वाल्हेरचा_पोहेवाला
राणीचं काय ठरलं?