मुंगेशपूरचा आकडा चुकला म्हणून तापमानवाढ खोटी ठरते का?

भुसावळकर

अमळनेरच्या नानांनी काल लिहिले की, २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवले, नंतर तो संवेदक ३ अंश जास्त दाखवत होता असे हवामान खात्यानेच सांगितले, आणि ज्यांना आजचे तापमान धड मोजता येत नाही त्यांनी २१०० सालचे सांगू नये. आकडे मुद्दाम फुगवले जातात, असेही त्यांनी लिहिले. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

ती चूक खात्यानेच प्रमाणित उपकरणाशी ताडून पकडली. शिवाय जगाची सरासरी एका केंद्रावर उभी नसते. प्रत्येक केंद्राचे तापमान त्याच केंद्राच्या जुन्या सरासरीपेक्षा किती हलले, एवढेच त्यात पाहतात. कायम ३ अंश जास्त दाखवणारे यंत्रही वाढ तेवढीच दाखवते, आणि एखादे यंत्र मध्येच बिघडले तर शेजारच्या केंद्रांशी तुलना करताना ते उघडे पडते. म्हणूनच २०११ ते २०२० हे दशक १८५० ते १९०० या काळापेक्षा १.०९ अंशांनी उष्ण होते, असे सांगताना आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय समितीने, ०.९५ ते १.२० ही चूकमर्यादाही सोबत छापली आहे.

आकडे मुद्दाम फुगवतात, हा आरोप तर मला मुळीच मान्य नाही. पूर्वी जहाजावरून बादलीने समुद्राचे पाणी उपसत, आणि तापमापक बुडवेपर्यंत ते थोडे थंड होई. ही चूक दुरुस्त केल्यावर जुने समुद्र अधिक उबदार ठरले आणि शतकभराची जागतिक वाढ कमी भरली. फुगवायचेच असते तर ही दुरुस्ती कोणी कशाला केली असती?

अमळनेरचे नाना

मास्तर, तुम्ही मोजमापाचे सांगितले, मी भाकिताचे विचारले होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचे उत्तर १९७९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने १.५ ते ४.५ अंश असे दिले. २०२१ साली ते २.५ ते ४ झाले. बेचाळीस वर्षे आणि एवढे महासंगणक खर्ची पडल्यावर हाती एवढेच आले असेल, तर शेतकऱ्याने त्यावर विश्वास ठेवून कपाशीचे नियोजन करावे काय? भुसावळचे ऊन आमच्या लहानपणीही अंगाची लाही करीत होते. तेव्हा कोणी परिषदा भरवत नव्हते.

धुळ्याच्या ताई

नाना, लहानपणच्या उन्हाची आठवण हा पुरावा होत नाही, हे स्पष्टच सांगते. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या चमूने जगाचे तापमान सुमारे अर्धा अंश तात्पुरते उतरेल, असे १९९२ च्या आरंभीच छापले होते, आणि ते साधारण तेवढेच उतरले. १९७० ते २००७ दरम्यानच्या हवामानाच्या १७ गणिती प्रारूपांची तापमानाबद्दलची भाकिते नंतरच्या मोजमापांशी ताडली गेली, तेव्हा १० जुळली. वायू प्रत्यक्षात किती सोडले गेले हे धरल्यावर १४ जुळली.

ढगांचे वर्तन अजून पुरते उलगडलेले नाही, म्हणून तुम्ही सांगितलेला २.५ ते ४ अंशांचा पट्टा रुंद आहे. पण ती रुंदी दोन्ही बाजूंना असते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, म्हणजे जगापेक्षा कमी. हवेतील धूर आणि धूलिकण सूर्यप्रकाश अडवतात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. उद्या हवा स्वच्छ झाली तर ही दबलेली वाढ वर येईल, याची काळजी तुम्हाला का वाटत नाही?

केळीवाला, रावेर

तुमचे जग चालू द्या, माझे मंडळ पाहा. फळपीक विम्याची भरपाई आमच्या महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर ठरते. गेल्या मे महिन्यात माझ्या बागेत पाने कडेने करपली, दांडे मऊ पडून भरलेले घड सटकले, आणि खालच्या गादीवाफ्यावर केळी फुटून पडली. केंद्राचे तापमान मात्र ठरलेल्या मर्यादेच्या काही दशांश खाली राहिले, आणि मला एक रुपयाही मिळाला नाही. ते केंद्र झाडांच्या सावलीत, पाटाच्या ओल्या जमिनीला लागून उभे आहे. मी अर्ज केला. उत्तर आले की आकडा अंतिम आहे.

अमळनेरचे नाना

हेच तर मी म्हणत होतो! आपल्याच तालुक्यातले यंत्र खोटे बोलते आहे.

केळीवाला, रावेर

नाना, माझ्या नुकसानीवर तुमचा मुद्दा उभा करू नका. ऊन वाढले नाही असे मी कुठे म्हटले? ऊन वाढले म्हणूनच घड सटकले.

भुसावळकर

असे तापमापक मोकळ्या, गवताळ जागी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झाडे आणि भिंतींपासून दूर ठेवायचे असतात. सावलीतले केंद्र अर्धा अंश कमी दाखवत असेल, तरी दीर्घकालीन वाढ काढताना तो दोष वजा होतो.

धुळ्याच्या ताई

पण विम्यात तो वजा होत नाही, मास्तर. तिथे वाढ पाहत नाहीत, ठरलेली रेषा ओलांडली की नाही एवढेच पाहतात. जो दोष संशोधकाला क्षुल्लक आहे, त्याच दोषाने शेतकऱ्याचे वर्ष बुडते, आणि ‘सरासरीत सगळे निघून जाते’ असे आपण त्याला ऐकवतो. या प्रश्नावर नानांचा राग चुकीच्या दिशेने असला तरी तुमचे समाधानही मला पटत नाही.

भुसावळकर

ताई, मी कोणालाही ऐकवलेले नाही. प्रश्न मुंगेशपूरचा होता आणि उत्तर त्याचेच दिले. मात्र जिथे आकड्यावर पैसा ठरतो, तिथे आकड्यासोबत त्याची चूकमर्यादा का छापत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे, हे मी मान्य करतो.

अमळनेरचे नाना

जग तापते आहे, एवढे मी मान्य करतो, कारण बादलीच्या पाण्याच्या दुरुस्तीला माझ्याकडे उत्तर नाही. पण २१०० साली अमळनेर तालुक्यात पाऊस किती पडेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर माझा विरोध कायम राहील.

धुळ्याच्या ताई

तालुक्यापुरते तसे छातीठोकपणे कोणताही जबाबदार संशोधक सांगत नाही. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे.

केळीवाला, रावेर

मग तिघेही एका कामाला लागा. उन्हाळा सुरू होण्याआधी मंडळातील केंद्राशेजारी प्रमाणित तापमापक ठेवून आठवडाभर दोन्हींच्या नोंदी घ्यायच्या आणि त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायच्या, असा अर्ज मी लिहितो आहे. मास्तर, तुमच्या प्रयोगशाळेतला तापमापक त्यासाठी चालेल का, आणि तो तपासून कुठे मिळेल?