आण्णांची १९८९ ची एमएम ५४०: आतलं काम काढायलोय, सुरुवात कुठनं करू?

चिखलीकर_०९

मंडळी, नमस्कार. आमच्याकडं आण्णांची, म्हणजे वडिलांची, महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, चार गिअर, अजून एका स्टार्टरला उठते. उसाच्या फडात, बाजाराला, लग्नाकार्याला सगळीकडं हीच फिरली. मी गाडी शिकलो ती हिच्यावरच.

आमचं गाव कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली. २०१९ च्या महापुरात आधी माणसं काढली, मग जनावरं, जीप राहिली ती राहिलीच. पाणी सीटच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर मिस्त्रीनं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळ्याचं तेल बदलून गाडी चालू करून दिली, पण आतल्या भागाकडं कुणीच बघितलं नाही. २०२१ ला मात्र पाणी वाढायच्या आधीच तिला सोनतळीला चढावर नेऊन लावली.

गेल्या महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट उचललं तर खालचा पत्रा पापडासारखा हातात आला. क्लचखालनं रस्ता दिसतोय. सीटचा फोम कुजलाय, पाऊस पडला की वास सुटतो. डिझेलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही मेलेत. वायरिंगला टेपवर टेप आहे.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "वरनं रबर कोटिंग मारतो, त्यावर कार्पेट टाकतो, दोन दिवसात गाडी घेऊन जा." मन मानेना म्हणून इथं विचारतोय. बजेट साठ हजाराच्या आसपास. भंगारातल्या छोट्या कारच्या सीटा बसवाव्या का? आवाज कमी करायला काय टाकू? आण्णा ७४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना पुढं बसवून पन्हाळा, गगनबावडा फिरवायचंय. त्यांची अट एकच: "जीप जीपच राहूदे."

उद्यमनगर_पत्राकाम

भावा, मन मानेना ते बरोबर आहे. गंजावर रबर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आतनं खात जातो. वरनं काळं चकचकीत दिसतं, दोन पावसाळ्यांनी पाय आत जातो. असल्या कोटिंगखालचे पत्रे मी हातानं सोललेत.

पुरातली गाडी म्हणजे गंजाच्या आधी गाळ. फ्लोअरच्या खाली आडवे चॅनल असतात, त्यांच्या पोटात नदीचा गाळ बसलेला असतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून तुझा पत्रा उन्हाळ्यातही सडत राहिला. सगळ्या सीटा, मॅट, हूड (वरचं कापडी छत) काढ. वॉशिंगला नेऊन चॅनलच्या भोकातनं प्रेशरनं पाणी मार, स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत. मग आठवडाभर उन्हात उभी कर. ही पायरी गाळलीस तर पुढचे सगळे पैसे वाया.

मग वायर ब्रशनं घासून हातोडीनं ठोकत जा. जिथं आवाज बद्द येतो तिथं पत्रा गेला समज, चांगला पत्रा लागेपर्यंत काप. पॅचला १६ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घे, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. जोड सीओटू वेल्डिंगनंच (गॅस सोडत तार वितळवणाऱ्या मशीननं) करून घे. एका सलग रेषेत मारू देऊ नकोस, पत्रा तापून पिळतो. टाके टाकत, जागा बदलत भरायचं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही केबल सोड, डिझेल टाकी उतरवून लांब ठेव. मग उरलेला गंज मारायला रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, जोडांच्या फटी बुजवायला सीम सीलर, वर टू के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग. रबर कोटिंग मारायचंच असेल तर या सगळ्यानंतर, आणि तेही फक्त खालच्या बाजूनं.

फ्लोअरला पाणी काढायची भोकं असतात, नवीन पत्रा टाकताना ती बुजवू नकोस. गगनबावड्याच्या पावसात हूडची गाडी आत भिजणारच. आलेलं पाणी जायला वाट पाहिजे. म्हणून कार्पेटचा विचार सोड, जाड रबर मॅट टाक, उचलून धुता येतं.

आवाजासाठी ब्युटाइलची (चिकट रबराची) दोन मिलिमीटर शीट मिळते. सगळीकडं चिकटवायची गरज नाही. सपाट पत्र्यावर मधोमध पाव भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बसते. फायरवॉलवर (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर) मात्र पूर्ण लाव आणि त्यावर बंद पेशींचा फोम. साधा स्पंज नको, तो पाणी पितो. स्लॅबच्या गळतीची डांबरी पट्टी स्वस्त मिळते म्हणून लावतात लोक. एप्रिलमध्ये वितळते आणि गाडीभर डांबराचा वास.

कुशनवाले_काका

मी चाळीस वर्षं सीटचं काम करतोय. कारच्या सीटा बसवू नका. त्यांची बैठक उंच होते, मग गुडघा स्टेअरिंगला आणि डोकं हूडच्या दांडीला. तुमच्या मूळ सीटचा सांगाडा पाइपचा आहे, तो सडला नसेल तर सोन्यासारखा आहे. वेल्ड तपासा, घासून रंगवा. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम, पुढच्या कडेला थोडा जास्त कडक. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणता, तर मऊ सीट करू नका. मऊ सीटमधनं उठताना सगळा जोर गुडघ्यावर येतो. मांडीखाली आधार पाहिजे, आणि त्यांना स्वतःला बसवून उंची ठरवा. माप घेताना ते हजर पाहिजेत.

रेक्झिन बिनभोकाचं घ्या. भोकाचं हवेशीर दिसतं, पण पाणी त्यातनंच फोममध्ये उतरतं. शिलाईला सुती दोरा चालत नाही, तो कुजतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचाच. चामड्याचा मोह कोल्हापुरात सगळ्यांना होतो, पण चपलेचं चामडं वेगळं आणि पावसात भिजणारी सीट वेगळी.

करवीर_वायरमन

पॅच मारण्याआधी वायरिंग पूर्ण काढा, ठिणग्यांनी जळतं. परत टाकताना जुन्यावर जोड देऊ नका. हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका, नाहीतर सगळा करंट डॅशच्या स्विचमधनं जातो, स्विच गरम होतो आणि उजेडही मंद पडतो. बॅटरीजवळ मुख्य फ्यूज हवाच. काटे बदलण्याआधी टाकीचा फ्लोट, इंजिनवरचा टेंपरेचरचा सेंडर आणि अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) तपासा. पुरातल्या गाडीत मीटर चांगला आणि अर्थ गंजलेला, असं नेहमी सापडतं.

पुढं सीटबेल्ट लावणार असाल तर नुसत्या पत्र्याला बोल्ट मारू नका. खालनं जाड प्लेट द्या, ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट वापरा. सीटांची संख्या आरसीबुकात आहे तेवढीच ठेवा.

चिखलीकर_०९

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय. चॅनलमधनं दोन घमेली गाळ निघाला. उद्यमनगरभाऊ, तुम्ही सांगितलं नसतं तर तो तसाच राहिला असता. पत्रा दोन्ही बाजूंनी बदलला, पॅच पाच झाले. टेंपरेचरचा काटा अर्थ घासल्यावर आपोआप चालू झाला, डिझेलचा फ्लोट मात्र नवा टाकला. बजेट नऊ हजारानं ओलांडलं, त्यातला बराचसा पैसा पत्र्यातच गेला. ब्युटाइल फक्त पुढच्या फ्लोअरला आणि फायरवॉलला लावलं. तिसऱ्या गिअरमध्ये आता शेजारच्याशी न ओरडता बोलता येतं.

काका, सीटचं माप घ्यायला आण्णांना घेऊन गेलो होतो. कारागिरानं फोमचे तीन तुकडे ठेवून त्यांना तीनदा बसवलं, तीनदा उठवलं. त्यांनी मधला निवडला. रंग जुनाच, काळा. परवा पन्हाळ्याला गेलो, जाताना मी चालवली. वर पोचल्यावर आण्णा म्हणाले, उतरताना मी घेतो. तीन दरवाजापासून वाघबीळपर्यंत त्यांनीच उतरवली. खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली, स्टॉपची दांडी ओढून इंजिन बंद केलं आणि माझा हात न धरता उतरले.

आता हूड शिवायला टाकायचंय. कॅनव्हास घेऊ की रेक्झिनचं?

कुशनवाले_काका

कॅनव्हास, मेण लावलेलं. आणि मागची खिडकी मोठी ठेवा.