आंब्यावरचं आणि मोहावरचं ऑर्किड, एकच का दोन?

माहेर_शहादा:
आखाजीला माहेरी आलेय. शेतातल्या जुन्या गावरान आंब्यावर ऑर्किड फुललंय, फुलं पिवळट तपकिरी, त्यावर जाळीसारख्या रेषा आणि मधली पाकळी जांभळी. परवा तोरणमाळला मोहाच्या फांदीवर तश्शाच पट्टीसारख्या पानांचं दिसलं पण फुलं बारकी आणि साधी पिवळी. घरचे म्हणतात एकच आहे, मोहावर पोसलं नाही म्हणून बारीक राहिलं. खरं का? घाई यासाठी की आमचे सालदारकाका बांडगूळ समजून कोयता घेऊन निघालेत, आज कसंबसं थांबवलंय.

सातपुडा_भटक्या:
ताई, काकांना आंब्यावर चढूच देऊ नका! जाती दोन आहेत, सख्ख्या बहिणी म्हणा. आंब्यावरची व्हँडा टेसेलाटा, फूल 4-5 सेंमी. मोहावरची व्हँडा टेस्टेशिया, फूल जेमतेम दीड-दोन सेंमी. पोसण्याचा काही संबंध नाही, दोघी झाडातून काही घेतच नाहीत, मुळं सालीला नुसती धरून असतात. पांढरट मुळावर बाटलीतलं पाणी टाका, बघता बघता हिरवं होतं. बांडगुळाचं मूळ लाकडात घुसतं आणि जोडावर गाठ येते. तसा हा गोंधळ जुनाच, व्हँडा हे नाव संस्कृतातल्या वंदावरून आलंय आणि वंदा बांडगुळालाही म्हणायचे.

यावलकर:
बरोबर भो, फक्त नुसत्या रंगावर जाऊ नका. टेसेलाटाचा रंग झाडागणिक बदलतो, पार हिरवट पिवळीसुद्धा असते, मी तिला टेस्टेशिया समजून वहीत लिहिलं होतं, नंतर खोडलं. जाळी बघा. टेसेलाटा म्हणजे चौकडीची, आणि टेस्टेशिया म्हणजे विटकरी, पण फूल पिवळं, त्यामुळे नावावरून अजून घोळ होतो. फुलं गेल्यावर शेंगा बघा, टेसेलाटाची बोटभर लांब आणि कंगोरेदार, दुसरीची बरीच आखूड. आणि आत बी नुसती भुकटी, बुरशीची साथ मिळाली तरच रुजते, म्हणून एक झुपका तोडला तरी जीव तुटतो.

माहेर_शहादा:
पट्टीनं मोजलं, साडेचार सेंमी! मूळ ओलं करून काकांना दाखवलं तर कोयता ठेवून तेच परत परत पाणी टाकत बसले. आता तेच विचारताय की वाऱ्यानं मोडलेल्या फांदीसोबत एक झुपका खाली आलाय, त्याचं काय करायचं, कुंडीत लावू का?

सातपुडा_भटक्या:
मातीत नको, कुजेल. त्याच आंब्याच्या खडबडीत सालीवर सुतळीनं बांधा, मुळं सालीला टेकलेली हवीत, दुपारचं ऊन थेट नको. पाऊस लागला की नवी मुळं धरतील, मग सुतळी सोडा.