तास अर्धे झाले म्हणून घरभाड्याची मदतही अर्धी केली, ६५०० भाडं आता कसं भागवायचं? (नागपूर)

नंदनवनवाली_३८
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिली आहे, सांभाळून घ्या. मी इतवारीत एका होलसेल दुकानात अकाउंट्स पाहते, टॅली, बिलं, उधारीची वसुली, जीएसटी सगळं. आधी पूर्ण दिवस होता, १५००० पगार आणि शेठजी भाड्यासाठी म्हणून वेगळे ४००० द्यायचे, पाकिटात. दिवाळीनंतर धंदा मंदावला म्हणून मला १० ते ३ केलं, पगार ९००० आणि भाड्याचे २०००. म्हणे तास कमी तर भाडंही कमी. आता मी काय अर्धा दिवस घरात आणि अर्धा दिवस रस्त्यावर राहू का? घर तर चोवीस तासांचंच लागते ना जी.

घर नंदनवनला, दोन खोल्या, तळमजला, भाडं ६५०० आणि लाइट वेगळं. मुलगा सातवीत, शाळा पायी जाण्यासारखी. आईचे गुडघे गेलेले म्हणून जिना चालत नाही. मिस्टर २०१९ ला गेले. लाडकी बहीणचे १५०० येतात, केवायसी झालेली आहे. म्हणजे सगळं धरून १२५०० आणि त्यातले निम्म्याच्या वर घरातच जातात, वरून घरमालक म्हणून राहिले की ॲग्रीमेंट संपलं, आता ७२०० करा नाहीतर दुसरं पाहा. ॲग्रीमेंट म्हणजे काय तर स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, बस. लाइटचं तर विचारूच नका, तीन भाडेकरूंत एक मीटर, आम्हाला १२ रुपये युनिट लावतात, मे महिन्यात कूलर बंद ठेवून आईला झोपवायचं कसं?

तर विचारायचं हे की शेठजींकडे भाड्याचे पैसे हक्कानं मागता येतात का, सरकारकडून भाड्यासाठी काही मिळते का, आणि पारडीकडे स्वस्त खोली पाहावी का. धीर धरा वगैरे नका सांगू प्लीज, धीर आहे, पैसे नाहीत.

महालचा_पोट्टा
ताई सरळ सांगतो, दर महिन्याला भाडं भरायला मदत करणारी योजना आपल्या इकडं नाही. ते विलायतेत असते, माह्या मावसभाऊ तिकडं आहे, कमाई कमी असली की सरकार भाड्याला हातभार लावते म्हणतो. पण कापणं तिकडंही आहे, सरकारी घरात एक बेडरूम जास्तीची निघाली की मदतीच्या हिशेबात भाड्याचे १४ टक्के कापतात, दोन निघाल्या की २५, २०१३ पासून असंच चालू आहे. म्हणजे तुमचे शेठजी काही एकटेच नाहीत 😅

आपल्याकडं जे आहे ते बहुतेक घर बांधायले नाहीतर विकत घ्यायले. पीएम आवास २.० मध्ये वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असलं की ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गट, आणि देशात कुठंच पक्कं घर नावावर नको. पण त्यातही आपला हिस्सा भरावाच लागते, आणि ९००० पगारावर कर्जाचा हप्ता कसा बसते ते तुम्ही स्वतः अकाउंटवाल्या आहात, मी काय सांगू. संजय गांधी निराधारचा फॉर्म मात्र भरून टाका, विधवांना १५०० आहेत.

कागदवाली_काकू
अरे बाबा संजय गांधीचं असं ठोकून नको देऊ. त्याला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१००० च्या आत लागतं, महिन्याचं नाही, वर्षाचं. तिच्या पगारात ते बसतच नाही. आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० मिळाले की लाडकी बहीण बंद. म्हणजे इकडून घेऊन तिकडून द्यायचं, उगाच तहसीलला चकरा.

बाई, तुझ्यासाठी खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. बालसंगोपन योजना. वडील नसलेल्या मुलाला महिन्याला २२५० मिळतात, १८ वर्षांचा होईपर्यंत, आणि ते मुलाचे असतात त्यामुळे तुझ्या १५०० ला धक्का लागायचं कारण नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज करायचा, पुढे बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं, आणि घरी चौकशीला येतात. मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, फोटो. उत्पन्नाचा दाखला नवीन काढ हो, जुन्या पगाराचा देऊ नको. माझ्या भाचीनं भरला होता, तिला सुरुवातीला काहीच नाही आणि मग मागचे एकदम आले, म्हणून त्या पैशावर भाड्याची तारीख ठरवायची नाही. फी, वह्या, पावसाळ्यातले बूट, ते त्यातून काढ आणि तेवढा पगार भाड्याला मोकळा कर.

रेशनचंही मनात असेल तर, शहरात स्वस्त धान्याला वर्षाच्या ५९००० उत्पन्नाची अट आहे, तू त्याच्या वर जातेस. पण केशरी कार्ड जपून ठेव, दवाखान्याला महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत आहे, आईच्या गुडघ्यांचं पुढंमागं निघालंच तर तिथे विचार.

महालचा_पोट्टा
मान्य काकू 🙏 २१००० वर्षाचे?? एवढ्यात तर कोणी जगतच नाही.

कागदवाली_काकू
तेच तर.

भाडेकरू_होतो_आता_मालक
दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून लिहितो. घरमालक ७२०० म्हणतात म्हणजे जवळपास ११ टक्के वाढ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढ धरली आहे, ६५०० वर ४ टक्के म्हणजे २६०, झाले ६७६०. आता लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या कराराला, हा ४ टक्क्यांचा नियम अडवायला येत नाही, तिथं दोघांत जे ठरलं ते, पण बोलायला बसल्यावर हा आकडा फार कामाचा आहे, माणूस आपोआप ७२०० वरून खाली येतो.

दुसरं, ते स्टॅम्पपेपरवालं ॲग्रीमेंट. ११ महिन्यांचं केलं की रजिस्टर करावं लागत नाही हा आपल्याकडं लय पसरलेला गैरसमज. महाराष्ट्रात नोंदणी लागतेच आणि ती करायची जबाबदारी मालकाची आहे, कलम ५५. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झालाच तर मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे तोंडावर फेकू नका मात्र. तुम्हाला तिथंच राहायचं आहे, पोराची शाळा तिथं आहे, कायदा खिशात ठेवून गोड बोला. म्हणा, काका ६७०० देते, दोन वर्षांचं रजिस्टर करू, तुम्हालाही दर वर्षी नवा भाडेकरू पाहायची कटकट नाही. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का असते, मनपा हद्दीत नोंदणी फी १०००, अर्धी तुम्ही भरायची तयारी दाखवा. मी स्वतः मालक आहे, वेळेवर भाडं देणारं आणि भिंतीत खिळे न ठोकणारं कुटुंब मिळालं की ५०० रुपयांसाठी कोणी घालवत नाही, रागात बोलतात तेवढं. आणि पाणी नाहीतर लाइट बंद करतो म्हणाले तर तो अधिकार त्यांना नाही, कलम २९.

लाइटचं बिल मागा, झेरॉक्स. महावितरणचा दर स्लॅबनं वाढतो, १०० युनिटपर्यंत वेगळा, त्याच्यावर ३०० पर्यंत वेगळा, पुढं अजून. तीन घरं एका मीटरवर म्हणजे सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या स्लॅबमध्ये जाते आणि तुम्ही कूलर लावा नाहीतर न लावा, महागाच्या दरानं भरता. मालकाची संमती घेऊन वेगळं मीटर होते. ते नसेल करायचं तर जेवढं खरं बिल आलं तेवढंच सबमीटरच्या रीडिंगप्रमाणे तिघांत वाटा.

मेट्रोनं_जातो
पारडीचं सांगतो, मी प्रजापती नगर स्टेशनजवळच राहतो. खोल्या स्वस्त आहेत हे खरं, मेट्रोनं चितार ओळीला उतरलं की इतवारी जवळच. पण हिशेब करताना तिकीट धरा, पोराची शाळा बदलली तर नवीन गणवेश पुस्तकं धरा, नाही बदलली तर त्याचा ऑटो धरा. डिपॉझिट, टेम्पो, जुन्या घराचा रंग मालक कापतात तो, हे सगळं पहिल्याच महिन्यात अंगावर येते. आणि तळमजला मागितला की तोच मालक भाव वाढवते. वाचलं तर हजार वाचेल, आणि आजीला ओळखीचं कोणी नाही, दिवसभर एकटी. माझं मत विचाराल तर परीक्षा होईपर्यंत हलू नका.

गांधीबाग_टॅली
शेठजींकडे हक्कानं मागता येतात का हे कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहिते. कामगारांच्या किमान घरभाडे भत्त्याचा राज्याचा कायदा आहे १९८३ चा, पण तो ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, आणि तिथंही ५ टक्के, म्हणजे ९००० वर ४५०. तुमच्या दुकानात किती माणसं असतील, हमाल धरून आठदहा? आणि पाकिटातून दिलेलं, कुठं लिहिलेलं नाही. त्यामुळे ४००० साठी भांडण्यात दम नाही असं मला वाटते. भांडायचंच तर दुसऱ्या गोष्टीसाठी भांडा. तुमचं काम खरंच कमी झालं का? बिलं कमी झाली असतील, पण जीएसटीचे रिटर्न तेवढेच ना, ११ तारखेचा जीएसटीआर वन आणि २० चा थ्रीबी काही अर्धा होत नाही. पाच तासात पूर्ण दिवसाचं काम काढून घेत असतील तर ते आधी बोला.

आणि तीननंतर तुम्ही मोकळ्या आहात हे लक्षात घ्या ना. मी हेच करते. सकाळी एका दुकानात, मग दुपारी दोन छोट्या कापडवाल्यांचं काम, एकाकडून २५०० एकाकडून २०००. त्यांना पूर्ण वेळचा अकाउंटंट परवडत नाही आणि सीएच्या ऑफिसातला पोरगा फोन उचलत नाही. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या आत असलेले बरेच जण तिमाही रिटर्नवाले असतात, त्यांच्याकडं रोज जायची गरजच नाही, खरेदीची बिलं पिशवीत भरून ठेवतात आणि तिमाही संपली की गोंधळ. ती पिशवी आठवड्याला एकदा रिकामी करायचे पैसे मागायचे. शेठजींना मात्र आधी सांगा, आणि त्यांच्या टॅलीच्या लायसन्सवर दुसऱ्याचं काम अजिबात नको, पुढं तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यांच्याच ओळखीचा व्यापारी असला तर त्यांनाच शब्द टाकायला सांगा, पगार कापला आहे तर तेवढं करतील, लाज असतेच माणसाला.

नंदनवनवाली_३८
सगळ्यांचे खूप आभार, खरंच एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. बालसंगोपनचं मला कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं, शाळेतही नाही. उद्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत जाते. काकू, दाखल्यात पाकिटातले २००० पण धरायचे का?

गांधीबाग ताई, काम कमी झालेलं नाही, तुम्ही बरोबर ओळखलं, ११ तारखेच्या आधी तर मी ५ ला निघते आणि पैसे ३ पर्यंतचेच. पारडीचं डोक्यातून काढलं. घरमालकांशी रविवारी बोलते, ६७०० आणि रजिस्टर. मीटरसाठी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सोबत घेते, त्यांचंही माझ्याइतकंच बिल येते.

कागदवाली_काकू
धर. खरं तेच सांग, २००० नं काही अडत नाही, खोटं निघालं तर अडतं. सेतूत तलाठ्याचा चौकशी अहवाल मागतील तेव्हा दुकानाचं एक पगाराचं पत्र सोबत असू दे, शेठजींकडून लेटरहेडवर घे, १० ते ३ ची वेळ लिहून. ते पत्र तुला पाच वाजेपर्यंत थांबवतात तेव्हाही कामाला येईल.

गांधीबाग_टॅली
काकू 🔥 हे मला पण नव्हतं सुचलं. ताई, त्या पत्राची एक झेरॉक्स जवळ ठेवा, आणि किराणा ओळीत एकाला माणूस पाहिजे आहे म्हणून ऐकलं, विचारून तुम्हाला पर्सनलवर टाकते.