लाटांची नक्षी नको, जाडी बघा

एकाने विचारलंय की चिनी तलवारीच्या पात्यावर लाटांची नक्षी आणि ‘लाँगछ्वान’ हे नाव असलं, की ती हातघडणीची समजायची का. तेवढ्यावर अजिबात समजू नका. लाँगछ्वान हे चीनच्या चच्यांग प्रांतातलं तलवारींचं जुनं गाव खरं. तिथल्या घडणकलेची 2006 साली राष्ट्रीय वारसा यादीत नोंदही झाली. पण त्याच गावात स्वस्त मालही ढिगाने बनतो. शिवाय नक्षी अ‍ॅसिडने वरवर उठवता येते. घडीच्या, म्हणजे घड्या घालून पुन्हा पुन्हा ठोकलेल्या पोलादात ती आतपर्यंत असते, त्यामुळे घासून काढली तरी पुन्हा अ‍ॅसिड लावलं की उमटते.

मी आधी जाडी बघतो. ‘ताओ’, म्हणजे एकधारी तलवार, पाठ वर करून डोळ्यासमोर धरा. जुन्या चांगल्या पात्याची पाठ मुठीजवळ चांगली जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. वजन हाताशी राहतं, मनगट सहज फिरतं. बऱ्याच नकला एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेल्या असतात. दिसायला सुरेख, पण दोन-चार वार केले की टोक खाली ओढतं.

दुधारी ‘च्येन’ असेल तर पात्याच्या मधोमध गेलेला कणा बघा. उजेडात तिरकी धरली की त्याची रेघ टोकापर्यंत सरळ दिसायला हवी. ही रेघ हाताने राखणं फार कठीण, आणि चांगल्या तलवारीचे पैसे त्या घासकामाचेच असतात. म्यानावरचं पितळी कोरीवकाम मी तरी सगळ्यात शेवटी बघतो.