सीमाभागातील सत्तेच्या अभ्यासात नवउदारमतवाद कोठे बसतो?

टिळकवाडीकर (प्रश्न):
सांस्कृतिक भूगोलातील प्रबंधासाठी मी बेळगाव शहर घेतले आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाभागावरील महाराष्ट्राचा दावा आणि २०१२ मध्ये उद्घाटन झालेले सुवर्ण विधानसौध (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातील इमारत) यांच्या आधारे येथील सत्ता मांडता येते. परंतु नवउदारमतवादाची, म्हणजे बाजाराला प्राधान्य देणाऱ्या विचारसरणीची, चर्चा या मांडणीत कोठे घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शहापूरकर:
त्यासाठी वेगळे प्रकरण करू नये. २००५ मध्ये आपल्या महानगरपालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक शासनाने सभागृहच बरखास्त केले. सत्तेचे हे उघड रूप आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली आणि कामांसाठी राज्य व पालिका यांच्या समान भागीदारीची कंपनी स्थापन झाली. आता सभागृह बरखास्त करण्याची गरजच उरली नाही, कारण मोठ्या कामांचे निर्णय संचालक मंडळाकडे गेले. पैसा मात्र सरकारचाच होता. म्हणून नवउदारमतवाद म्हणजे सरकारने अंग काढून घेणे, ही समजूत येथे अपुरी पडते. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७८-७९ च्या व्याख्यानांत दाखवले होते की, बाजारातील स्पर्धेचे तत्त्व कारभारालाच लावले जाते. निधीसाठी शहरांनी परस्परांशी स्पर्धा करणे हे त्याचेच रूप आहे. ज्या सभागृहात मराठी भाषिकांचा आवाज इतकी वर्षे उमटला, त्याचे वजन असे निमूटपणे घटावे, हे मला बरखास्तीइतकेच गंभीर वाटते.

खानापूरवासी:
शहापूरकरांचा मुद्दा मान्य आहे, तरी सर्व काही नवउदारमतवादाच्या खाती मांडू नये. दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नडची सक्ती करणारी कर्नाटकची २०२४ ची कायदादुरुस्ती बाजारातून आलेली नाही. ते राज्याचे सांस्कृतिक धोरण आहे.

अनगोळकर:
बेळगावलगतच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याचा अभ्यास अवश्य करावा. त्यात सुपीक भातजमीन जात असल्याने शेतकरी न्यायालयात आणि बांधावर, दोन्हीकडे लढले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शिवाराची किंमत तेथे केवळ मोबदल्याच्या दराने ठरते. भूसंपादनाची नोटीस कोणत्या भाषेत आली, हरकत कोणत्या कार्यालयात द्यावी लागली आणि सुनावणी कोणी घेतली, हे गावोगाव जाऊन विचारल्यास आपल्या प्रबंधातील दोन्ही सत्ता, राज्याची आणि बाजाराची, एकाच कागदावर सापडतील.